डिजिटल प्रकल्प झेनोडोवर जमा करायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि पद्धत

2005 आणि 2019 च्या महापुरात कृष्णा कुठवर आली होती, हे सांगलीकराला सांगायला नको. तरी मूळ फायली आणि बॅकअप एकाच कपाटात ठेवणारे अजून भेटतात. ‘आमची वेबसाइट आहे की’ हा दुसरा भाबडेपणा. माझ्या ओळखीतल्या एका प्रकल्पाचं अनुदान संपलं, डोमेनचे पैसे भरायचे राहिले आणि साइट गायब झाली.

म्हणून एक प्रत झेनोडोवर ठेवावी. जिनिव्हाजवळची सर्न ही भौतिकशास्त्राची संशोधन संस्था 2013 पासून हे ऑनलाइन भांडार चालवते. त्यात फायली कायमच्या जतन होतात. शुल्क नाही.

पात्रतेची फारशी भानगड नाही. वाचनालयाचा कार्यकर्ता, शिक्षक, हौशी अभ्यासक, कुणीही खातं उघडू शकतो. पीएचडीच्या प्रबंधाची वाट मात्र वेगळी. तो विद्यापीठामार्फत शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जातो.

खात्यासाठी ई-मेल पुरतो. ऑर्किड, म्हणजे लेखक-संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक, काढून ठेवलात तर चांगलं, तोही मोफत असतो. खरं घोडं अडतं ते संमतीपत्रावर. जुन्या नाट्यकलावंताची मुलाखत घेतलीत, तर ‘हे ध्वनिमुद्रण कायम जतन करून सर्वांना ऐकू द्यायला माझी हरकत नाही’ एवढं त्याच दिवशी सहीनिशी लिहून घ्या. पुढं वारसांचे उंबरे झिजवावे लागतात. छापील पुस्तक स्कॅन केलं असेल, तर लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो, हे आधी तपासा.

आता फायली. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, आणल्याशिवाय पाठवू नका. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘सांगली’च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर पीडीएफ-ए (जतनासाठीचं पीडीएफ), तक्ते सीएसव्ही आणि आवाज वेव्ह या स्वरूपात ठेवा. ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘एकदम फायनल’ यांतली खरी कोणती, हे तुम्हीच ठरवून बाकीच्या काढा. सोबत कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे, हे सांगणारी एक साधी टेक्स्ट फाइल जोडा.

लॉग-इन करून ‘न्यू अपलोड’ दाबा. एका नोंदीत 50 जीबी आणि 100 फायली बसतात. जास्त असतील तर झिप करा. शीर्षक, लेखक, वर्णन, लायसन्स (इतरांनी ते कसं वापरायचं याची परवानगी) भरून ‘पब्लिश’ केलं की डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. तो वाचनालयाच्या कॅटलॉगमध्येही नोंदवा. प्रसिद्ध झालेली नोंद मनात आलं म्हणून काढता येत नाही, पुढची भर नव्या आवृत्तीत घालायची. त्यामुळं आधी झेनोडोच्याच सँडबॉक्सवर, म्हणजे सरावासाठीच्या साइटवर, हात बसवून घ्या.

मुलाखत नाजूक असेल तर फायली ‘रिस्ट्रिक्टेड’, म्हणजे परवानगीशिवाय न उघडणाऱ्या, ठेवता येतात. वर्णन तरीही सगळ्यांना दिसतं, तेव्हा त्यात कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता घालू नका.