‘मस्तीखोर’ या शब्दामागे

“पोट्टं लय मस्तीचं आहे, एका जागी टिकतच नाही.” नागपूरच्या प्राथमिक शाळांत पालकसभेला हे वाक्य हमखास कानावर पडतं. कधी कौतुकानं, पण बहुतेकदा तक्रारीनं. अशा बहुसंख्य मुलांना काहीही झालेलं नसतं. थोड्यांना मात्र एडीएचडी असतो, म्हणजे लक्ष टिकवण्यात आणि स्वतःला आवरण्यात मेंदूच्या विकासामुळे येणारी अडचण. शाळेच्या बोलीत दोघांनाही शब्द एकच, मस्तीखोर.

यावरून गुरुजी-मॅडमना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण वैद्यकशास्त्रानंही सुरुवात इथूनच केली. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं लंडनमधल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं. बुद्धी ठीक, पण आवर नाही. आणि त्याला त्यानं नाव दिलं ‘नैतिक नियंत्रणातला दोष’. पुढं १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध काही मुलांना दिलं, तर अनेकांचं शाळेतलं काम सुधारलं. उत्तेजकानं मूल शांत व्हावं, हे त्यांनाही कोड्यातच टाकणारं होतं. तरी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानाच्या नियमावलीत, १९६८ च्या आवृत्तीतही, भर होता तो हालचालीवरच.

खरं वळण १९८० च्या आवृत्तीचं. तिनं अवधान, म्हणजे लक्ष, केंद्रस्थानी आणलं आणि चंचलता नसतानाही हा त्रास असू शकतो, हे मान्य केलं. सध्याचं नाव १९८७ चं. वर्गातली ओळख मात्र अजून चुळबुळीवरूनच होते. खिडकीशी बसलेली, पाटी कोरी ठेवणारी, कुणाला त्रास न देणारी मुलगी ‘जरा मंद आहे’ म्हणून सुटून जाते. माझ्या मते गैरसमजातला सगळ्यात महाग भाग हाच.

गंमत अशी, की निदानाला शिक्षकांवाचून भागतच नाही. लक्षणं एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत, ही अट आहे. म्हणजे घरचं ऐकून पुरत नाही, शाळेचंही ऐकावं लागतं. मुलाच्या वागण्याबद्दल शिक्षकांनी भरायची, मानसशास्त्रज्ञ कॉनर्स यांची प्रश्नावली १९६९ पासूनची. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्यांच्या हाती असा कागद आला, की तो शांतपणे भरायचा कधी, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी आणली. छडी गेली हे चांगलंच झालं. पण तिच्या जागी वर्गात काय करायचं, हे तितक्या ठामपणे कुणी सांगितलं नाही. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानं तपासणीच्या ३० बाबींत एडीएचडी घेतला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षम मुलांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. शाळांना ‘एलडी’ (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) हा शब्द सरावाचा झाला आणि एडीएचडी परका राहिला, याचं एक कारण मला इथं दिसतं.

मॅडमना शंका आली, तरी पालकांना सांगायचं कसं? नागपुरातलं मनोरुग्णालय १८६४ चं, आणि गावाच्या तोंडी त्याचं नाव अजून पागलखानाच. “डॉक्टरांना दाखवा” म्हटलं, की आईच्या डोळ्यांसमोर पहिलं तेच येतं. मग सांगणं राहून जातं आणि प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंद पडते: ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’