लोअरिंग स्प्रिंग : स्पोर्ट्स कूपेसाठी निवड

मोटारीची उंची कमी करण्यासाठी मूळ स्प्रिंगच्या जागी बसवलेली, तिच्यापेक्षा आखूड आणि बहुधा जास्त ताठ अशी कॉइल स्प्रिंग म्हणजे लोअरिंग स्प्रिंग. शॉक (झोके शमवणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर), वरची माउंट आणि स्प्रिंगच्या बैठका मूळच्याच राहतात. कॉइलओव्हर संचात शॉकसकट सगळे बदलते आणि उंची आट्यांवर फिरवून कमी-जास्त करता येते. लोअरिंग स्प्रिंगची उंची मात्र कारखान्यातच ठरून येते, त्यामुळे निवड चुकली की ती पुन्हा काढण्यावाचून गत्यंतर नसते.

विक्रीच्या पानावर सर्वांत ठळक आकडा असतो तो गाडी किती मिमी खाली बसेल याचा. निवडीसाठी त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे खाली बसल्यावर चाकाला वर जायला किती चाल उरते हा, आणि तो सहसा कुठेच छापलेला नसतो.

उंची आणि उरलेली चाल

समजा, मूळ उंचीवर चाक वर सरकून बंप स्टॉपला (चालीच्या शेवटी अडवणाऱ्या मऊ ठोकळ्याला) टेकेपर्यंत ५० मिमी मोकळी चाल आहे. गाडी ३० मिमी खाली आणली की २० मिमी उरते. वळणात गाडी ३ अंश कलली आणि दोन चाकांतले अंतर १.५५ मी. असले, तर बाहेरचे चाक सुमारे ४० मिमी दबते. नव्या स्प्रिंगच्या ताठपणामुळे कल थोडा कमी होईल, पण २० मिमीत मावण्याइतका नाही. परिणामी भर वळणात ते चाक बंप स्टॉपवर चढते, त्या कोपऱ्याची ताठरता एकदम वाढते आणि तिथल्या टायरची पकड सुटते. हे पुढे घडले तर गाडी वळणाबाहेर ओढते. मागे घडले तर शेपूट अचानक सुटते, आणि ते जास्त धोक्याचे.

बदल्यात मिळते काय? १४०० किग्रॅ वजनाच्या आणि ०.५ मी. उंचीवर गुरुत्वमध्य असलेल्या कूपेत ०.९ जी वळणात (म्हणजे बाजूचा ओढा गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट असताना) आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ४००० न्यूटन भार सरकतो. ३० मिमी उतरवल्याने त्यातले सुमारे २४० न्यूटन, म्हणजे ६ टक्के कमी होतात. चाके, ब्रेक आणि आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे दांडे) काही खाली येत नाहीत, म्हणून खरा फायदा त्याहूनही थोडा कमी. सहा टक्क्यांसाठी मोकळ्या चालीतले साठ टक्के देऊन टाकायचे, असा हा व्यवहार आहे. दिसण्यासाठी तो करायला हरकत नाही. फक्त तो दिसण्यासाठी केला आहे हे ठाऊक असावे.

मूळ शॉक ठेवायचे असतील तर १५ ते ३० मिमी हा समंजस पल्ला. ३५ मिमीच्या पुढे आखूड शॉक लागतात, नाहीतर दांडा कायम आपल्या चालीच्या तळाशी काम करतो आणि सील व आतल्या व्हॉल्व्हांचे आयुष्य घटते. आपल्या गाडीत किती चाल शिल्लक आहे हे पाहायची सोपी युक्ती अशी : शॉकच्या दांड्यावर एक झिप-टाय हलकेच आवळून खाली सीलपर्यंत सरकवावा, नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवावी आणि टाय कुठवर ढकलला गेला ते मोजावे. मूळ स्प्रिंगवरच तो बंप स्टॉपला भिडत असेल, तर आणखी ३० मिमी खाली जायला जागाच नाही. अलीकडच्या अनेक गाड्यांत मऊ, लांबट बंप स्टॉप हा दुसऱ्या स्प्रिंगसारखा वापरलेला असतो. तिथे तो थोडासा टेकणे हा मूळ आराखड्याचाच भाग आहे.

ताठरता

कॉइल स्प्रिंगची ताठरता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाच्या आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. तार १२ वरून १३ मिमी केली की ताठरता सुमारे ३८ टक्के वाढते. स्प्रिंग कापल्यावर गाडी ताठ लागते तीही याच नियमाने, कारण वेटोळी घटतात. पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, ते सरकते आणि आवाज करते. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग खाली बसवणे त्याहून वाईट : पोलादाचे पाणी उतरते आणि स्प्रिंग बसतच जाते किंवा तुटते.

आकड्यांची तुलना करताना एकके पाहावीत. १ किग्रॅ-बल/मिमी म्हणजे ९.८१ न्यूटन/मिमी, म्हणजेच ५६ पौंड/इंच. शिवाय स्प्रिंगची ताठरता आणि चाकाला जाणवणारी ताठरता वेगवेगळ्या असतात. चाक १ मिमी हलले असता स्प्रिंग किती दबते, त्या गुणोत्तराच्या वर्गाने स्प्रिंगच्या ताठरतेला गुणावे लागते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (शॉक आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेल्या रचनेत) हे गुणोत्तर १ च्या जवळ असते. निसान ३५० झेडमध्ये मागची स्प्रिंग शॉकपासून वेगळी, खालच्या आर्मच्या मधल्या भागावर बसते. अशा रचनेत ते बरेच कमी असते. गुणोत्तर ०.७ धरले तर ६० न्यूटन/मिमीची स्प्रिंग चाकाशी जेमतेम २९ उरते. म्हणून मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा दीडपट ताठ दिसली तरी गाडीची शेपूट ताठ असेलच असे नाही.

एक हिशोब पाहण्यासारखा आहे. पुढच्या एका कोपऱ्यावर ३२० किग्रॅ भार आणि चाकाशी ताठरता २४ न्यूटन/मिमी असेल, तर गाडीच्या वजनाने स्प्रिंग १३१ मिमी दबते आणि झोक्याची नैसर्गिक वारंवारता १.३८ हर्ट्झ येते. ताठरता ३१ केली तर दबणे १०१ मिमी आणि वारंवारता १.५७ हर्ट्झ. (आरामदायी गाड्या १ ते १.३ च्या आसपास असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्या १.५ ते २ च्या. २ च्या वरचा आकडा रोजच्या वापरात अंगावर येतो.) आता गाडी ३० मिमी खाली आणायची तर नवी स्प्रिंग किती आखूड हवी? ३० नव्हे, ६० मिमी : तीस उंचीसाठी आणि तीस ती कमी दबते म्हणून. गाडी जॅकवर उचलल्यावर चाक ८० मिमी लोंबत असेल, तर मूळ स्प्रिंग तिथेही ५१ मिमी दबलेली राहायची. नवी मात्र बैठकीत ९ मिमी सैल पडते. मोठ्या उंचवट्यावर चाक हवेत गेले की ती बैठकीतून हलते, ठणठण वाजते, आणि वाहनतपासणीत तेवढ्यावर गाडी नापास होऊ शकते.

चढत्या ताठरतेची (प्रोग्रेसिव्ह) स्प्रिंग मुख्यतः यावरचा उतारा आहे. तिची काही वेटोळी जवळजवळ आणि मऊ असतात. गाडी उभी असताना ती बहुतांशी एकमेकांना टेकलेली असतात, आणि चाक लोंबले की उघडून सैल जागा भरून काढतात. तिच्या गुळगुळीतपणाची जी तारीफ होते ती याच्यापुढे दुय्यम आहे. दोष असा की ताठरता दबण्याबरोबर बदलत असल्याने शॉकचे दमन (झोका शमवण्याचा जोर) एका ठिकाणी जुळते, दुसऱ्या ठिकाणी नाही. टेकणारी वेटोळी वाजतात, म्हणून त्यांवर रबरी नळी चढवतात. एकसमान ताठरतेची (लिनियर) स्प्रिंग वळणात जास्त अंदाज देते, आणि ट्रॅकवर जाणारे तीच घेतात. गाडी थोडीच खाली आणली असेल तर ती सैलही पडत नाही.

पुढे-मागे ताठरता वाढवण्याचे प्रमाणही पाहावे. मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवली की उंचवट्यानंतर गाडी डुलत राहत नाही. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली यांनी मांडलेला हा नियम रस्त्यावरच्या गाड्यांना आजही लागू पडतो.

शॉकशी मेळ

लागणारे दमन ताठरतेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. ३० टक्के ताठ स्प्रिंगला सुमारे १४ टक्के जास्त दमन हवे, आणि चांगल्या स्थितीतला मूळ शॉक एवढे निभावून नेतो. त्याच्या पुढे गेल्यास किंवा शॉक जुने असल्यास उंचवट्यानंतर गाडी एकदा जास्तच उसळते. बऱ्याचदा दोष स्प्रिंगला दिला जातो तो असा. शॉक बदलायचे ठरलेच असेल तर ते स्प्रिंगबरोबरच बदलावेत. मजुरी आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) दोनदा होत नाही.

बंप स्टॉप स्प्रिंग बनवणाऱ्याने सांगितले असेल तेवढाच आणि सांगितलेल्या टोकानेच कापावा. जास्त कापला तर शॉक आतून आपटतो किंवा टायर मडगार्डला लागतो.

चाकांचे कोन

दुहेरी विशबोन आणि मल्टिलिंक रचनेत (जिथे चाक दोन किंवा अधिक आर्मनी धरलेले असते) गाडी खाली आली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो, म्हणजे ऋण कँबर वाढतो. टोयोटा ८६ सारख्या गाडीत मागे दुहेरी विशबोन आणि पुढे स्ट्रट आहे, त्यामुळे दोन्ही टोके सारखी वागत नाहीत. स्ट्रटमध्ये कँबर आधी थोडा वाढतो, पण खालचा आर्म स्ट्रटशी काटकोनाच्या पलीकडे गेला की चाक दबताना तो उलट घटू लागतो. त्याच वेळी रोल सेंटर (ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली जाते. दोघांतले अंतर वाढल्याने कलवणारा जोर वाढतो, म्हणजे गाडी खाली आणूनही स्प्रिंगच्या ताठपणाचा काही भाग फुकट जातो. लांब दांड्याचा बॉल जॉइंट लावून आर्मचा कोन परत आणता येतो. मग टाय रॉडचे (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे) टोकही तेवढेच उतरवावे लागते, नाहीतर खड्ड्यावर स्टिअरिंग आपोआप वळू पाहते.

टायर आतून झिजण्याचा दोष कँबरला दिला जातो, पण खरा गुन्हेगार बहुतेक वेळा टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) असतो. दीड ते दोन अंश ऋण कँबर टायर सोसतो. उंचीबरोबर सरकलेला टो तसाच राहिला तर तो टायर अल्पावधीत खाऊन टाकतो.

घेताना आणि बसवताना

एकाच कूपेच्या वेगवेगळ्या इंजिनांसाठी, चारही चाकांना ताकद देणाऱ्या आवृत्तीसाठी आणि इलेक्ट्रॉनिक शॉकसाठी भाग-क्रमांक वेगळे असतात. कारण पुढच्या एक्सलवरचे वजन वेगळे असते. जर्मन बनावटीच्या स्प्रिंगसोबत येणाऱ्या प्रमाणपत्रात एक्सलचा कमाल भार दिलेला असतो. तो आपल्या गाडीच्या कागदाशी ताडून पाहावा. त्या स्प्रिंगवर पुढच्या एक्सलसाठी ‘व्हीए’ आणि मागच्यासाठी ‘एचए’ छापलेले असते. अक्षरे सुलट वाचता आली म्हणजे स्प्रिंग सहसा सुलट बसली.

काम सुरू करण्याआधी सपाट जमिनीवर चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांवर मोजून लिहून ठेवावे. टायरपासून मोजले तर हवेचा दाब आणि झीज हिशोब बिघडवतात. स्ट्रट सोडवताना वरचा नट स्प्रिंग कंप्रेसरने दाबून मोकळी केल्यावरच काढावा; दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो. तो नट इम्पॅक्ट गनने आवळू नये, कारण दांडा गरगर फिरून सील खराब होते. तारेचे टोक खालच्या बैठकीतल्या खाचेला टेकले पाहिजे. सेल्फ-लॉकिंग नट नवे वापरावेत.

सर्वांत जास्त होणारी चूक साधी आहे. आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट चाके लोंबत असतानाच पूर्ण आवळले जातात. बुश त्या स्थितीत पकडले जातात, गाडी खाली ठेवल्यावर पिळले जातात आणि स्वतःच स्प्रिंगसारखे वागतात. गाडी अपेक्षेपेक्षा १० मिमी वर दिसते, आणि काही महिन्यांत रबर फाटते. हे बोल्ट आधी हातानेच लावावेत आणि चाकांवर वजन आल्यावर ठरलेल्या टॉर्कला आवळावेत.

नवी स्प्रिंग पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये काही मिमी बसते, म्हणून पक्के अलाइनमेंट त्यानंतर करावे. लगेच करायचे ते फक्त टो. हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवावा. उंचीचा सेन्सर आर्मला जोडलेला असेल तर त्याचा शून्यबिंदू निदानयंत्राने नव्याने द्यावा लागतो, काचेमागच्या कॅमेऱ्याचेही काही गाड्यांत तसेच. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर कुठे ताणत किंवा घासत नाही ना ते पाहून मगच गाडी रस्त्यावर काढावी.