धोतर-कर्करोग

धोतर-कर्करोग : कमरेला कपडा वर्षानुवर्षे एकाच जागी आवळून बांधल्यामुळे तिथल्या त्वचेत होणारा कर्करोग. साडी किंवा लुगडे नेसणाऱ्या स्त्रियांत तो आढळला की त्याला साडी-कर्करोग म्हणतात, आणि परकराच्या नाडीकडे लक्ष गेल्यापासून परकर-कर्करोग असेही नाव पुढे आले आहे. नावे तीन असली तरी आजार एकच. तो अत्यंत विरळा आहे. मात्र दीर्घकाळ टिकलेला दाह कर्करोगापर्यंत कसा पोचतो हे पुरते उघड्यावर, नुसत्या डोळ्यांना दिसेल असे दाखवणारे आजार थोडेच असल्यामुळे कर्करोगाच्या कारणमीमांसेत त्याला त्याच्या संख्येहून मोठे स्थान मिळाले आहे.

या आजाराची पहिली शास्त्रीय मांडणी मुंबईत झाली. परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख, विकृतिवैज्ञानिक (पॅथॉलॉजिस्ट) डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर १९४५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. रोजच्या रीतिरिवाजांतून उद्भवणारे भारतातील तीन नवे कर्करोग त्यांनी त्यात वर्णिले. धोतराचा कर्करोग हा त्यांपैकी एक. दुसरा आंध्रात चुट्ट्याचे (तंबाखूच्या पानांच्या विडीचे) जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा आणि तिसरा बिहारमध्ये चुन्यात मळलेली तंबाखूची चिमूट खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवणाऱ्यांचा. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकाच पद्धतीने विचारला होता : गाठ नेमकी इथेच का आली, आणि हा माणूस त्या जागेशी रोज काय करतो? खानोलकर पुढे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक आणि काही काळ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. परंतु रुग्णाच्या राहणीत कारण शोधण्याची ही दृष्टी त्यांच्या कामाचा कणा होती, असे म्हणावयास हरकत नाही. काश्मीरमध्ये फिरन या सैल अंगरख्याखाली पोटाशी निखाऱ्यांची कांगडी (छोटी शेगडी) धरणाऱ्यांच्या कातडीचा कर्करोग त्याआधीपासून माहीत होता. तिथे मात्र उष्णता आणि धूर हे कारक उघड दिसत होते. धोतरात ना आग होती, ना धूर, ना तंबाखू.

साध्या सुती कापडाने हे कसे होते? परकराची नाडी ही पाऊण-एक सेंटिमीटर रुंदीची दोरीच असते, आणि साडीच्या निऱ्यांचा सारा भार तिने पेलायचा असल्याने ती करकचून बांधली जाते. धोतराचा किंवा नऊवारीचा पीळही त्याच रेषेवर बसतो. मुंबईसारख्या दमट हवेत त्याखाली घाम साचतो, मीठ आणि मळ धरतो, आणि बसता-उठता तो पीळ त्वचेवर घासत राहतो. आरंभी संध्याकाळी नाडी सोडल्यावर उमटलेला वळ रात्रीत विरतो. काही वर्षांनी तो विरेनासा होतो. पट्टा काळवंडतो, जाड होतो, त्यावर कोंडा धरतो, मधूनच पांढरे डाग पडतात आणि खाज सुटते. इथवरची स्थिती पुष्कळांत दिसते व बहुतेकांत ती तिथेच थांबते. गजकर्ण समजून मलम लावण्याची चूकही याच टप्प्यावर होते.

सतत जखम होऊन भरणाऱ्या त्वचेत रक्तातील पांढऱ्या पेशी ठाण मांडतात. त्यांनी सोडलेली क्रियाशील ऑक्सिजन-संयुगे शेजारच्या पेशींच्या डीएनएला इजा करतात, आणि दाहाचे रासायनिक संदेश त्याच इजा झालेल्या पेशींना विभाजनाचा तगादा लावतात. अर्बुदांत, म्हणजे कर्करोगाच्या गाठींत, पांढऱ्या पेशी सापडतात हे जर्मन विकृतिवैज्ञानिक रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच नोंदवून चिरकारी (दीर्घकाळ टिकणाऱ्या) दाहाशी त्याचा संबंध जोडला होता. याला चयापचयाचीही बाजू आहे. व्रणाच्या कठीण ऊतीत रक्तपुरवठा तोकडा असतो, आणि ऑक्सिजन अपुरा पडला की पेशी ग्लुकोज अर्धवट जाळून लॅक्टिक आम्ल साठवू लागतात. कर्कपेशी तर ऑक्सिजन मुबलक असतानाही हाच मार्ग धरतात, हे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ख यांनी १९२०च्या दशकात दाखवले. श्वसनक्रियेतील बिघाड हेच कर्करोगाचे मूळ, हा त्यांचा पुढचा दावा मात्र आज जसाच्या तसा मानला जात नाही.

पट्ट्यावर, बहुधा कुशीच्या बाजूला, न भरणारे क्षत पडले, त्याच्या कडा उचलल्या गेल्या किंवा त्यातून दुर्गंधी येऊ लागली, तर तुकडा काढून तपासणे आवश्यक ठरते. तपासणीत बहुतेक वेळा स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा कर्करोग, निघतो. वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी २०२४ मध्ये नोंदलेल्या दोन रुग्ण स्त्रियांपैकी एकीचे क्षत दीड वर्ष आणि दुसरीचे दोन वर्षे भरलेले नव्हते. दुसरी चाळीस वर्षे लुगडे नेसत होती, परकराविना. म्हणजे दोष परकराचा नव्हे, आवळण्याचा आहे, आणि त्या सुमारास झळकलेले ‘साडीमुळे कर्करोग’ छापाचे मथळे अतिशयोक्तच होते. उपचारात भोवतालच्या निरोगी त्वचेसह क्षत कापून काढतात आणि गरजेप्रमाणे त्वचारोपण करतात. जांघेतील लसीका ग्रंथी चाचपून पाहणे चुकवता येत नाही, कारण त्या दुसऱ्या स्त्रीत आजार तिथवर पोचलेला होता. पट्टा नुसता काळवंडलेला असतानाच नाडीऐवजी रुंद पट्टी वापरावी, गाठ रोज थोडी खाली-वर सरकवावी आणि घरात असताना ती सैल सोडावी, असे सांगितले जाते.