बुटांचा सीझन बदलतो तेव्हा पायाचं काय होतं?

फॅशनच्या दुनियेत ऋतू सहा महिने आधी येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रॅम्पवर गुडघ्यापर्यंतचे बूट दिसतात ते पुढच्या थंडीसाठी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नाजूक पट्ट्यांच्या सँडल्स दिसतात त्या पुढच्या उन्हाळ्यासाठी. दुकानातला मालही त्याच हिशोबाने येतो, त्यामुळे बाहेर अजून ऊन तापलेलं असताना शोकेसमध्ये स्वेडचे अँकल बूट लागतात, आणि आपण यंदा टाच जाड आहे की बारीक, टोक चौकोनी आहे की अणकुचीदार, एवढं बघून जोडी उचलतो. मला यात बायकांच्या पायांचं नुकसान दिसतं. ऋतू बदलला की पायासाठी तीन गोष्टी बदलतात, पाणी, तापमान आणि पायाखालची जमीन, आणि या तिन्हींना तोंड द्यायचं असतं ते बुटाच्या मटेरियलला. ट्रेंडच्या लेखांमध्ये आकार आणि रंगावर पानंच्या पानं असतात, सोल कशाचा आहे हे मात्र शोधूनही सापडत नाही.

गंमत म्हणजे आज स्टाईल म्हणून चालणारे कितीतरी आकार मुळात मटेरियलच्या अडचणीतूनच आलेत. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला आणि त्या देशावर आर्थिक निर्बंध लागले, तेव्हा साल्वातोरे फेरागामो या बूट बनवणाऱ्याला टाचेच्या बुटात कमानीखाली घालायला लागणारी चांगली स्टीलची पट्टी मिळेना. मग त्याने टाच आणि तळवा यांच्यामधली पोकळी कॉर्कनेच भरून टाकली, म्हणजे पट्टीची गरजच उरली नाही, आणि वेज हील तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चामड्याच्या बुटांचं रेशनिंग होतं, पण नाचाच्या पातळ स्लिपर्स त्यातून वगळलेल्या होत्या, म्हणून क्लेअर मॅकार्डेल या डिझायनरने कपिझिओ या नाचाचे बूट बनवणाऱ्या कंपनीकडून त्यांनाच बाहेर घालण्याजोगा सोल लावून घेतला. बॅले फ्लॅट्स दर काही वर्षांनी नव्याने येतात त्यामागे ही गोष्ट आहे. स्टिलेटो १९५० च्या दशकात आली, कारण इतकी बारीक टाच लाकडात टिकत नव्हती आणि आत धातूचा दांडा घातल्यावर टिकायला लागली.

आता मूळ मुद्दा, पाणी. आधी आतलं पाणी, म्हणजे घाम. दोन्ही पायांत मिळून सुमारे अडीच लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि तळव्यावर त्या खूपच दाट असतात. ताज्या घामाला वास जवळपास नसतोच, पण त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस नावाचे बॅक्टेरिया घामातलं ल्युसीन हे अमिनो आम्ल फोडतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं, बंद बुटाचा जो ओळखीचा वास असतो त्यात याचा मोठा वाटा असतो. म्हणून उन्हाळ्यात ड्रेसवर बूट घालायचा ट्रेंड आला की मी आधी अस्तर बघायला सांगते. खरं चामडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं, त्याला पाणी आवडतं, ते दिवसभर वाफ शोषतं आणि रात्री सोडून देतं. याउलट पीयू (म्हणजे पॉलियुरेथेन) लेदर म्हणतात ते कापडावर प्लॅस्टिकचा थर देऊन बनवतात, त्यातून वाफ फार कमी जाते आणि ती आतच मोज्यात जिरत राहते. चामड्याचा बूट सुद्धा लागोपाठ रोज घातला तर वाळायला वेळच मिळत नाही, एक दिवस सोडून घातला तर मिळतो, इतकं ते सरळ आहे.

बाहेरचं पाणी अडवायचं तर रबराचे गमबूट आहेतच, चार्ल्स गुडइयरला १८४४ मध्ये रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ करायच्या पद्धतीचं पेटंट मिळालं त्यानंतर हे शक्य झालं, नाहीतर कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचं. पण रबर पाणी दोन्ही बाजूंनी अडवतं, त्यामुळे पाऊस बाहेर आणि घाम आत. यावर उपाय मिळाला तो १९६९ मध्ये, बॉब गोर या अमेरिकी अभियंत्याने टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक तापवून झटक्यात ताणलं आणि त्याला अतिसूक्ष्म छिद्रं पडली. छिद्रं इतकी लहान की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण वाफेचा रेणू सहज बाहेर पडतो. आज वॉटरप्रूफ ब्रीदेबल म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बुटांत असाच पडदा असतो. मात्र एक गोष्ट लेबलवर लिहिलेली नसते, की वाफ आपोआप बाहेर जात नाही, आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असेल तरच जाते. थंड कोरड्या हवेत हे बूट उत्तम काम करतात, उकाड्याच्या आणि दमट पावसात तितके करत नाहीत, तिथे पटकन वाळणारी उघडी सँडल जास्त बरी.

थंडीत ऊब देते ती अडकून राहिलेली हवा. लोकर, फर, फोम ही सगळी हवा धरून ठेवायची साधनं आहेत. स्थिर हवेपेक्षा पाणी वीस पटींहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून मोजा ओला झाला की कितीही महाग बूट असला तरी पाय गार पडतो. आणि खूप जणी करतात ती गोष्ट म्हणजे थंडी जास्त आहे म्हणून घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबायचे, त्याने मोज्यातली हवा दाबली जाते, रक्तपुरवठाही कमी होतो आणि पाय आणखी गार होतात. गारठ्यात शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं, पोटाकडची उष्णता वाचवायला, आणि ज्यांना रेनॉड म्हणून ओळखला जाणारा त्रास असतो त्यांची बोटं यात पांढरी-निळी पडतात, हा त्रास बायकांमध्ये जास्त दिसतो. अशांनी तर हिवाळी बूट अर्धा नंबर मोठाच घ्यावा, बोटं आत हलली पाहिजेत. तळव्यातून जमिनीतही बरीच उष्णता जाते, त्यामुळे जाड सोलचा जो ट्रेंड आहे तो मला मनापासून आवडतो, फॅशनने चुकून नाही तर खरोखर थंडीच्या बाजूने उभं राहिलेलं असं हे एक उदाहरण आहे.

जाड सोल म्हणजे घसरणार नाही असं मात्र समजू नका. बर्फ निसरडा का असतो यावर मायकेल फॅरडेच्या काळापासून, म्हणजे १८५० पासून, विचार चाललाय. बर्फाच्या सगळ्यात वरच्या थरातले रेणू आतल्यासारखे घट्ट बांधलेले नसतात, ते सैल असतात, आणि त्यामुळे पृष्ठभागावर जवळपास द्रवासारखा पातळ थर असतो. बर्फ सगळ्यात निसरडा असतो तो उणे ७ अंशांच्या आसपास. त्यात सोलचं मटेरियलही थंडीने कडक होतं, पीव्हीसी किंवा स्वस्त कडक प्लॅस्टिकचे सोल दुकानात हाताला मऊ लागतात आणि बाहेर गारठ्यात लाकूड होतात, मग ते जमिनीच्या बारीक उंचसखलपणात रुतत नाहीत आणि पकड जाते. कॅनडात टोरंटोमधल्या एका पुनर्वसन संस्थेने यासाठी चक्क कलता करता येणारी बर्फाची खोली बनवलीय, त्यात माणसं प्रत्यक्ष बूट घालून चढतात-उतरतात आणि खोलीचा उतार वाढवत नेतात, पाय घसरला की तो कोन नोंदवायचा. ७ अंश उतारावर टिकला तर बूट पास. २०१६ मध्ये त्यांनी ९८ प्रकारचे हिवाळी बूट तपासल्याचे निकाल दिले, त्यात १० टक्केसुद्धा पास झाले नाहीत! म्हणजे थंडीसाठी म्हणून विकले जाणारे बूट, आणि बर्फावर उभं राहायला नापास. जे पास झाले त्यांच्या रबरात बारीक खरखरीत कण किंवा तंतू मिसळलेले होते. सोलवरच्या खोल खाचा भुसभुशीत बर्फात उपयोगी पडतात, कडक गुळगुळीत बर्फावर त्यांचा फारसा फायदा नाही. ओल्या फरशीवर मात्र खाचा लागतातच, पाऊल टेकताना खालचं पाणी निघून जायला वाट हवी, नाहीतर पाण्याचा पातळ थर मध्ये राहतो आणि सोल फरशीला नीट टेकतच नाही. म्हणून टाचेकडे झिजून गुळगुळीत झालेली जोडी पावसाळ्यात घालू नये, दिसायला कितीही नवी वाटली तरी.

टाचेबद्दल बोलायचं तर दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ हे शाळेतलं गणित आहे. ६० किलोच्या बाईचं वजन चालताना क्षणभर एका टाचेवर आलं आणि टाचेचं टोक १ चौरस सेंटीमीटर असेल तर तेवढ्या जागेवर ६० किलो, तेच ३० चौरस सेंटीमीटरच्या रुंद टाचेवर फक्त २ किलो. हिरवळीत स्टिलेटो रुतते ती यामुळेच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पोटरीत काय होतं ते. २०१० मध्ये रॉबर्ट चापो, मार्को नारिची आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं उंच टाचा घालणाऱ्या बायकांच्या पोटऱ्या तपासल्या, तेव्हा त्यांच्या पोटरीच्या स्नायूंचे तंतू सपाट बूट घालणाऱ्यांपेक्षा साधारण १२-१३ टक्के आखूड निघाले आणि अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर, जास्त जाड आणि ताठ. शरीराने स्वतःला त्या उंचीला जुळवून घेतलेलं असतं. आता विचार करा, सगळी थंडी टाचांच्या बुटात काढली आणि ऊन पडलं म्हणून एका दिवसात एकदम सपाट सँडलवर आलो, तर आखूड झालेली पोटरी आणि ताठ टेंडन दोन्ही एकदम ताणले जाणार. सीझनच्या सुरुवातीला पोटऱ्या आणि टाचा दुखायचं हे एक कारण असू शकतं, त्यामुळे मधले काही आठवडे मध्यम उंचीची जोडी घालून, पोटऱ्यांचे स्ट्रेचेस करत खाली यायचं. आणि फ्लिप-फ्लॉपवर तर लगेच लांब चालायला जाऊच नये, ती पायात धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात आणि पावलं आखूड पडतात.

टोकदार बूट या वर्षी परत आलेत असं ऐकलं की मला केंब्रिजमधल्या सांगाड्यांची आठवण येते. तिथल्या जुन्या दफनभूमींमधल्या १७७ सांगाड्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या लोकांमध्ये अंगठा बाकीच्या बोटांकडे वाकून मुळाशी हाड बाहेर आलेलं दिसलं ते ६ टक्क्यांत, आणि चौदाव्या-पंधराव्या शतकात, लांब टोकाच्या बुटांची फॅशन आल्यावर, २७ टक्क्यांत. वयस्कर लोकांमध्ये ज्यांचे अंगठे असे वाकलेले होते त्यांच्यात पडून हाडं मोडल्याच्या खुणाही जास्त होत्या. त्यात पुरुषही होते, कारण ती फॅशन पुरुषांचीही होती. फॅशन गेली, पण हाडांवर ती सहाशे वर्षांनीही वाचता येतेय. टोकदार बूट घालूच नका असं मी म्हणणार नाही, पण टोक बोटं संपल्यावर सुरू झालं पाहिजे, बोटांच्या वरच नाही. कागदावर उभं राहून पावलाची कड काढायची आणि बुटाचा तळ त्यावर ठेवून बघायचा, लगेच कळतं. हे संध्याकाळी करायचं, कारण दिवसभरात आणि उकाड्यात पाय फुगतात. बाळंतपणानंतर तर पुन्हा मापच घ्यावं, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने केलेल्या ४९ बायकांच्या अभ्यासात गरोदरपणानंतर बहुतेकींचे पाय लांब आणि रुंद झालेले आढळले, कमान थोडी बसते आणि ती परत पूर्ण वर येतेच असं नाही.

राहिला सीझन संपल्यावरचा भाग, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. दोन-तीन वर्षं खोक्यात जपून ठेवलेले बूट बाहेर काढले, दहा मिनिटं चाललं आणि सोलचा भुगा पडला, हा अनुभव खूप जणींना येतो आणि त्या फसवणूक झाली असं समजतात. हे रसायनशास्त्र आहे. हलके मऊ सोल बऱ्याचदा पॉलियुरेथेनचे असतात, आणि त्यातल्या पॉलिएस्टर प्रकारात जे एस्टर बंध असतात ते हवेतल्या पाण्याने हळूहळू तुटतात, तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वेगाने करतं. बूट घाला नाहीतर नका घालू, दमट आणि उबदार जागेत हे चालूच राहतं. पीयू लेदरच्या बुटांचे घोट्याजवळ पापुद्रे निघतात त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. पॉलिइथर प्रकारचं पॉलियुरेथेन याला जास्त टिकतं, रबराच्या सोलला ही अडचण येत नाही. म्हणून वर्षातून दोनच महिने घालायचे बूट घेताना मी रबरी सोलच शोधते, जड असले तरी.

ठेवायच्या आधी बूट आतून पूर्ण वाळवा, पण हीटरजवळ नको, ओलं कोलॅजेन कमी तापमानालाच आकसतं आणि चामडं कायमचं कडक होतं. आत कागद भरून सावलीत दोन दिवस ठेवले की पुरे. बर्फाच्या रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग असतील तर आधी ओल्या फडक्याने पुसून काढा, मीठ चामड्यात राहिलं तर दमट हवेत ते पुन्हा विरघळतं आणि पुन्हा वर येऊन वाळतं. सिलिका जेलच्या पुड्या घाला, फक्त त्या एकदा भरल्या की काही शोषत नाहीत, दर सीझनला बदला. खोक्यावर विकत घेतल्याचं साल लिहून ठेवा, आणि पुढच्या थंडीत घालायच्या आधी सोल हाताने दुमडून बघा, बारीक भेगा दिसल्या किंवा अंगठ्याने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर ती जोडी घालून घराबाहेर पडू नका.