कुंदा खाऊन पोराला शुगर होत नाही

कुंदा म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं लहान पोराला शुगर निघाली की पहिला बोल आईला, "कुंदा लई चारला असणार". लहान पोरांना बहुतेक होतो तो टाईप 1 डायबेटीस, तो असा होत नसतोय ओ. शरीराची इम्युन सिस्टीमच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते, त्यात कुंद्याचा काय दोष.

मग सुरू कशानं होतं? इथं एक भारी भानगड आहे. आपल्या डीएनएचा साधारण 8 टक्के भाग म्हणजे लाखो वर्षांपूर्वी पूर्वजांच्या पेशींत घुसलेल्या रेट्रोव्हायरसचे (पेशीच्या डीएनएत स्वतःची जनुकं घुसडणाऱ्या व्हायरसचे) अवशेष, बहुतेक गप्प पडलेले. 1997 ला जिनिव्हाच्या टीमनं त्यातल्याच एकावर टाईप 1 चा आळ घेतला, पण नंतर इतरांना तो निरोगी माणसांतही सापडला आणि दावा ढिला पडला. 2017 ला फ्रान्सच्या संशोधकांनी दुसऱ्याच एकाचं, हर्व-डब्ल्यूचं प्रोटीन बऱ्याच पेशंटच्या स्वादुपिंडात दाखवलं, लॅबमधे ते इन्सुलिन बाहेर पडणं कमी करतंय असंही दिसलं. कॉक्सॅकीसारखा साधा व्हायरस त्याला जागं करत असेल अशी शंका आहे, पण हे कारण की परिणाम ते अजून ठरलेलं नाही.

आणि आता "व्हायरसचं आहे, पोराजवळ बसू नका" असलं नवीन काढू नका, हे अवशेष तुमच्या-माझ्यातपण आहेत. इन्सुलिन मात्र रोज लागतंच, काढेवाले काहीही म्हणूदेत.