तांब्या-काशाच्या पुरातन वस्तूंवरचा गंज काढणं

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. जमिनीत हजार-दोन हजार वर्षं पडून राहिलेल्या नाण्यांवर, मूर्तींवर चढतो तो हिरवा थर पण तांब्याच्या क्षारांचाच, फक्त इथे खालचा धातू बऱ्याचदा पार खाल्लेला असतो आणि नाण्यावरची अक्षरं नि मूर्तीचं नाकडोळे त्या थरातच उरलेलं असतं, म्हणजे घासून गंज गेला की वस्तूच गेली.

हिरवा रंग दोन तऱ्हेचा असतो. गडद, घट्ट, गुळगुळीत असेल तर तो पॅटिना, त्याला शक्यतो हात लावत नाहीत. फिकट हिरवी, पिठासारखी, नख लावलं की सुटणारी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी आली तर मात्र ब्राँझ डिसीज. नाव रोगाचं, पण जंतूबिंतू काही नसतो. मातीतल्या मिठातलं क्लोराइड आत तांब्याशी जुळून बसलेलं असतं, त्याला दमट हवा लागली की ही भुकटी तयार होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक ॲसिड, ते परत तांबं खातं, परत भुकटी, असं चालूच राहतं.

काम सुरू करायच्या आधी फोटो, वजन, जमलं तर एक्सरे. मग मायक्रोस्कोपखाली स्कालपेल, बांबूची काडी, साळिंदराचा काटा घेऊन कण-कण सोडवत बसायचं, एका नाण्याला अख्खा दिवस सहज जातो. नंतर अल्कोहोलमधल्या ३ टक्के बेंझोट्रायझोलमध्ये (तांब्याचा पुढचा गंज रोखणारं रसायन) बुडवतात (विषारी आहे, ग्लव्ज लागतातच) आणि वरून ॲक्रिलिकचा पातळ हात. पूर्वी वस्तू रसायनाच्या पाण्यात ठेवून, त्यात वीज सोडून सरसकट साफ करायचे, मद्रासच्या सरकारी संग्रहालयात १९३० साली प्रयोगशाळा निघाली तिथे ब्राँझच्या मूर्तींवर हेच केलं, पण त्यात पॅटिनाही निघून जातो म्हणून आता जपून वापरतात.

आपल्याकडे शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) मिळाली की चिंच नाहीतर लिंबू लावून घासतात. ॲसिड छिद्रांत राहतं, 'श्री राजा शिव' बोथट होतं, आणि तसलं गुलाबी चकचकीत नाणं जाणकार संग्राहक घेतही नाही.

साफ केल्यावर सिलिका जेल घालून बंद डब्यात, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली, नाहीतर पावसाळ्यात भुकटी परत. सातवाहनांची शिशाची नाणी असतील तर लाकडी कपाट नको, लाकडातून सुटणाऱ्या ॲसिटिक ॲसिडच्या वाफेने शिशाची पांढरी पूड होते.