पर्यावरण-संवेदनशीलता आणि गोव्यातील घरांची हवा

धूळ, बुरशी, धूर, अत्तर, रंग यांच्या थोड्याशा संपर्कानेही ज्यांना धाप, शिंका, डोकेदुखी किंवा मळमळ होते, त्यांना सोसेल अशी हवा घरात राखणे हा या नोंदीचा विषय आहे. दमा आणि ॲलर्जीचे निदान चाचण्यांनी होते. रसायन-संवेदनशीलतेच्या कारणाबद्दल वैद्यकात एकमत नाही. त्रास मात्र खरा असतो, त्याला नखरे म्हणणे अन्यायाचे आहे.

थंड मुलखात घर तापवण्याची चिंता असते. गोव्यात ती नाही. इथे सगळे झगडणे ओलीशी. वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि तेव्हा हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना आणि बुरशीला हेच मानवते. म्हणून घरात आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या आत ठेवणे हे थंडाव्यापेक्षा महत्त्वाचे. भिंतीला टेकलेल्या कपाटाची पाठ आणि चामड्याच्या चपला यांना बुरा आधी येतो. मग कपड्यांत डांबरगोळ्या पडतात आणि त्यांच्याच वासाने आजारी माणसाचे डोके उठते. चवथीआधीच्या (गणेश चतुर्थीआधीच्या) रंगकामाचेही तेच: पावसामुळे खिडक्या बंद, रंगाचा वास आठवडाभर आत. अशा घरात रंग मार्च-एप्रिलमध्येच द्यावा.

जुन्या घरांत गरम हवा उंच कौलांच्या फटींतून निघून जाई आणि चुन्याच्या सफेदीवर बुरशी सहजी धरत नसे. तरी ती घरे सरसकट निरोगी नव्हती: भिंतींचा चिरा (जांभा दगड) पाणी ओढतो, चुलीचा धूर घरभर फिरे.

कूलर इथे कामाचा नाही; तो ओल्या हवेत आणखी पाणी सोडतो. एसी हवेतले पाणी काढतो, पण पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले पाणी थेंब होऊन सुटू लागते ते, २४-२५ अंशांच्या आसपास असतो. खोली १८ अंशांवर गार केली, की दार उघडताच त्या हवेतले पाणी गार भिंतीवर बसते. २५-२६ अंश पुरेत. तरीही ओल राहिली तर ओल शोषणारे यंत्र लावावे. स्प्लिट एसी सहसा आतलीच हवा फिरवतो, त्यामुळे पावसाची उघडीप मिळताच खिडकी उघडावी. एसीची जाळी बहुतेक लोक धुतात; पण टॉर्च मारून आतल्या पंख्याच्या पात्यांकडे पाहिले, की काळे ठिपके दिसतात. ती बुरशी, आणि एसी सुरू होताच येणारा कुबट वास बहुधा तिचाच.